नकाशावरच्या तपकिरी रेषा आणि आपले घर

22 जुलै 2021. बकरी ईदचा दुसरा दिवस. आदल्या रात्रीपासून कोसळणाऱ्या पावसाने वाशिष्ठी फुगली आणि पहाटेपर्यंत चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरले. कित्येक इमारतींचे तळमजले पूर्ण बुडाले. त्याच रात्री खेड तालुक्यातील पोसरे येथे वाडीवर दरड कोसळली आणि 17 जणांचा जीव गेला. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या प्रत्येक घराला तो दिवस आठवतो.

आपल्याकडे अनेक घरांतला कर्ता पुरुष आखातात नोकरीला असतो. अशा रात्री निर्णय घ्यावा लागतो तो अम्मीला, दादीला आणि शाळेत जाणाऱ्या मुलांना. सामान वर न्यायचे की घर सोडायचे? सोडायचे तर कोणत्या वाटेने? डोंगराच्या बाजूला जाणे सुरक्षित की तिथेच धोका? यातल्या बऱ्याच प्रश्नांच्या उत्तराची सुरुवात मुलांच्या दप्तरातच आहे. राज्य मंडळाच्या सातवीच्या भूगोलात समोच्च रेषा नकाशाचा धडा आहे. तो बहुतेक वेळा दोन-चार गुणांसाठी पाठ केला जातो. मी भूगोल शिकवतो, म्हणून सांगतो : हा धडा पाठ करण्याचा नाही, हाताने करून बघण्याचा आहे.

बटाटा, पातेले आणि पाणी

समोच्च रेषा म्हणजे समुद्रसपाटीपासून समान उंचीवर असलेली ठिकाणे जोडणारी रेषा. ही व्याख्या मुलांना पाठ असते, पण डोळ्यांसमोर काहीच उभे राहत नाही. म्हणून स्वयंपाकघरात चला. एक वेडावाकडा मोठा बटाटा उभा चिरून अर्धा करा आणि कापलेली बाजू खाली ठेवून पातेल्यात ठेवा. हा झाला आपला डोंगर. आता अर्धा बोटभर पाणी ओता. पाणी बटाट्याला जिथे टेकते तिथे खिळ्याने सभोवती ओरखडा काढा. पुन्हा तितकेच पाणी ओता, पुन्हा ओरखडा. बटाटा बुडेपर्यंत असेच करा. मग पाणी ओतून टाका आणि वरून सरळ खाली पाहा. एकात एक बसलेली कडी दिसतील. तोच नकाशा.

मुलांना इथे एक गोष्ट आपोआप कळते. समोच्च रेषा म्हणजे पाण्याची रेषा. पाणी तेवढे चढले तर काठ कुठे येईल, हे ती सांगते. बटाट्याच्या ज्या बाजूला उतार उभा आहे तिथे ओरखडे एकमेकांना चिकटलेले असतात आणि जिथे उतार सौम्य आहे तिथे दूर दूर. नकाशातही तसेच. रेषा दाट म्हणजे चढ खडा, रेषा विरळ म्हणजे जमीन सपाट.

नकाशा हातात घेतल्यावर

भारतीय सर्वेक्षण खात्याच्या 1 : 50,000 प्रमाणाच्या स्थलनिर्देशक नकाशात एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे 500 मीटर. समोच्च रेषा तपकिरी रंगात असतात आणि साधारणपणे दोन रेषांमध्ये 20 मीटर उंचीचा फरक असतो. एका सेंटिमीटरच्या अंतरात अशी पाच अंतरे मोजली, तर 500 मीटर चालताना 100 मीटर चढावे लागेल, म्हणजे पाचास एक असा चढ. हे गणित मुलांना एकदा जमले की घाटी चढताना पाय का भरून येतात, याचे उत्तर कागदावर दिसू लागते. खात्याचे ओपन सिरीज नकाशे 2017 पासून संकेतस्थळावरून मोफत उतरवूनही घेता येतात.

रत्नागिरीची जमीन तर या अभ्यासासाठीच घडवल्यासारखी आहे. सड्यावर रेषा जवळजवळ नसतात, कारण कातळ सपाट असतो. पण सड्याच्या कडेला त्या अचानक दाटतात. तिथूनच पाखाडी उतरते आणि खाली मोहल्ला, मग खाजण आणि खाडी. पऱ्या जिथून वाहतो तिथे रेषांना इंग्रजी व्ही अक्षरासारखा बाक येतो आणि त्याचे टोक उंच जमिनीकडे वळलेले असते. टोक खाली उताराकडे असेल तर तो डोंगराचा सोंड असलेला भाग. हा एवढा फरक ओळखता आला की पावसाचे पाणी कुठे गोळा होणार, हे समजते. एखादी वस्ती दाट रेषांच्या अगदी पायथ्याशी आणि पऱ्याच्या तोंडावर असेल, तर पावसाळ्यात तिने अधिक सावध राहायला हवे.

दरड कधी कोसळेल हे मात्र नकाशा सांगत नाही. त्यासाठी जमिनीकडे पाहावे लागते. उतारावर नव्या भेगा पडणे, झाडे किंवा विजेचे खांब कलणे, डोंगरातून अचानक गढूळ पाणी झिरपू लागणे, यातले काहीही दिसले की वाट न बघता तिथून हलणे हेच शहाणपणाचे.

नकाशातली कोरी जागा

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पहिली तपकिरी रेषा 20 मीटरची. मग समुद्रसपाटी आणि 20 मीटर यांच्यामध्ये काय? नकाशावर तिथे कोरी जागा दिसते. पण आपले मिरकरवाडा, राजिवडा यांसारखे मोहल्ले आणि चिपळूणची बाजारपेठ त्याच कोऱ्या जागेत आहेत. पूर येतो तोही तिथेच. दोन गल्ल्यांतला दीड मीटरचा फरक एकाचे घर कोरडे ठेवतो आणि दुसऱ्याचे बुडवतो, पण या नकाशात तो उमटत नाही.

ही जागा मुलांनीच भरायची आहे. घरातल्या मोठ्यांना विचारा : 2005 च्या जुलैत पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले होते? 2021 ला कुठपर्यंत? त्या खुणा लिहून घ्या. मग ओळखीच्या गवंडीचाचांकडून पाण्याने भरलेली पारदर्शक नळी मागून घ्या. नळीच्या दोन्ही टोकांतले पाणी एकाच पातळीवर राहते, त्यामुळे शाळेची पायरी, मशिदीचा ओटा, विहिरीचा कठडा आणि आपला उंबरठा यांत उंचीचा किती फरक आहे हे सेंटिमीटरपर्यंत मोजता येते. एका रविवारी पाच-सहा मुलेमुली हे काम सहज करतात. नदीकाठच्या शहरांसाठी जलसंपदा विभाग निळी आणि लाल पूररेषा आखतो. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. मुलांच्या नकाशाशेजारी तीही ठेवून पाहावी.

भरतीचा हिशेबही जोडावा. खाडीत पाणी चढलेले असेल तर नदीचा पूर लवकर ओसरत नाही. उधाणाची भरती अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येते, म्हणजे हिजरी महिन्याच्या सुरुवातीला आणि 14-15 तारखेच्या आसपास. आपल्या भिंतीवरचे कॅलेंडर इथेही उपयोगी पडते.

ही विद्या परकी नाही

11 व्या शतकाच्या आरंभी अल-बिरुनी यांनी नंदना किल्ल्याजवळच्या, आज पाकिस्तानातील पंजाबात असलेल्या, एका टेकडीची उंची कोन मोजून काढली. मग माथ्यावरून क्षितिज किती खाली झुकलेले दिसते ते मोजले आणि त्यावरून पृथ्वीची त्रिज्या काढली. 19 व्या शतकात भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची नाजूक उपकरणे दुरुस्त करणारे आणि पुढे त्या खात्याचे उपकरणकार झालेले सय्यद मीर मोहसिन हुसैन हे अर्काटचे होते.

अल-बिरुनींचे क्षितिज आपल्यालाही दिसते. पुळणीवर उभ्या माणसाला समुद्र सुमारे 5 किलोमीटरपर्यंत दिसतो, तर 100 मीटर उंचीवरून सुमारे 36 किलोमीटरपर्यंत. मुलांना एकदा आधी भाट्ये किनाऱ्यावर आणि मग रत्नदुर्गावर न्या. उंची म्हणजे काय, हे त्यांना फळ्याशिवाय कळेल.

या कामात मुलींना मागे ठेवू नका. पुराच्या रात्री घरात बहुधा त्याच असतात. येत्या पावसाळ्याआधी प्रत्येक घराने एक कागद तयार करावा. त्यावर आपला उंबरठा, जुन्या पुराच्या खुणा, जवळची उंच आणि दरडीपासून दूर असलेली जागा आणि तिथे जाणारी वाट असावी. वाट अशी निवडावी की पऱ्या ओलांडावा लागणार नाही. तो कागद कपाटात न ठेवता दाराजवळ लावावा आणि घरातल्या सर्वांत लहान मुलाकडून एकदा तो वाचून घ्यावा.