तुराट्यांच्या जुड्या आणि एकोणतीस

विदर्भातल्या उन्हामुळे यवतमाळ जिल्ह्यातल्या शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात. पहिले काही दिवस उजळणीत जातात. मग दुसरीच्या वर्गात दशक-एकक सुरू होतं.

त्याचं साहित्य गावातच मिळतं. तुरीच्या वाळलेल्या तुराट्यांचे बोटभर तुकडे करायचे, दहा मोजून रबर लावायचं, की झाला एक दशक. उरलेल्या काड्या सुट्या. दोन जुड्या आणि पाच काड्या पुढ्यात ठेवल्या की जुड्यांकडे बघून ‘वीस’ आणि काड्या मोजून ‘पाच’ असं उत्तर येतं. पण मॅडम फळ्याजवळ बोलावून ‘पंचवीस लिही’ म्हणाल्या, की एखादं पोर आधी ५ काढतं आणि त्याच्यापुढे २. झाले ५२!

त्याला पूर्ण चूक तरी कसं म्हणावं? ऐकलं त्याच क्रमाने हात चालला. मराठी बोलताना एकक आधी घेते, लिहिताना मात्र दशक आधी येतो. त्यात सात हा अंक दर ठिकाणी वेश बदलतो: सत्तावीस, सदतीस, सत्तेचाळीस, सदुसष्ट. २९ म्हणायला तिसातून एक वजा करावा लागतो. ८९ ला एकोणनव्वद म्हणायचं, आणि तीच रीत लावून ९९ ला ‘एकोणशंभर’ म्हणावं तर ते चालत नाही.

या अडचणीवर बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असं वाचन दिलं, तेव्हा केवढा गहजब झाला! गणित समितीच्या मंगला नारळीकर शांतपणे कारणं सांगत होत्या. इकडे विधानसभेत मुख्यमंत्र्यांच्या ‘फडणवीस’ आडनावातल्या ‘वीस’वर कोट्या चालल्या होत्या. एकवीस, बावीस ही नावं पुस्तकातून काढलेली नव्हती, हे त्या गदारोळात फारसं कुणी ऐकलं नाही. नॉर्वेने १९५१ मध्ये हाच बदल सरकारी निर्णयाने केला. जुनी पद्धत तिथेही बोलण्यातून लगेच गेली नाही, पण शाळेत नवी रुळली.

यवतमाळला तर नॉर्वेपर्यंत जायचीही गरज नाही. पैनगंगेपलीकडे तेलंगणात एकवीसला ‘इरवै ओकटि’ म्हणतात, म्हणजे सरळ ‘वीस एक’. झरी-जामणी, केळापूर, मारेगावकडच्या कोलाम पोडांवरची, म्हणजे वस्त्यांवरची, मुलं घरी कोलामी बोलतात, आणि कोलामी तेलुगूसारखीच द्राविडी कुळातली. पुसद-दिग्रसकडच्या बंजारा तांड्यांवर गोरमाटी बोली चालते. या मुलांना आकडा आणि मराठी दोन्ही एकदमच शिकायचं असतं. अशा वर्गात जुडी आधी आणि नाव मागून, हाच क्रम शहाणपणाचा.

२०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात पहिलीला ९९ पर्यंत आणि दुसरीला ९९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात, असं उद्दिष्ट आहे. म्हणजे ५२ आणि २५ चा घोळ लवकर मिटायला हवा, कारण पुढे हातच्याची बेरीज उभीच असते. २७ आणि १५ मिळवायचे तर सुट्या काड्या बारा होतात. त्यातल्या दहांना नवं रबर लागतं, ती जुडी आधीच्या तीन जुड्यांशेजारी जाते आणि खाली दोन काड्या उरतात.