बेपत्ता म्हणजे काय?

मंडळी, लढाईत माणूस मरतो, जखमी होतो किंवा कैद होतो. हे आपणांस ठाऊक आहे. पण आणखी एक शब्द असतो. तो म्हणजे 'बेपत्ता'. माणूस मेला असे नाही, जिवंत आहे असेही नाही. त्याचा ठावठिकाणाच लागत नाही.

उजनीकाठच्या माणसांना याचे दुःख वेगळे सांगायला नको. २१ मे २०२४ रोजी कुगाव आणि कळाशी या गावांच्या मध्ये, धरणाच्या पाण्यात होडी उलटली. सहा जण बुडाले. देह हाती येईपर्यंत शोध चालूच राहिला. देह मिळाला, म्हणजे निदान शेवटचे कार्य तरी होते. पण शोध पन्नास वर्षे संपलाच नाही, तर त्या घराने काय करावे?

विमानातला माणूस बेपत्ता कसा होतो?

पायदळातला शिपाई पडला, तर बहुधा शेजारच्याला दिसते. विमानाचे तसे नाही. बॉम्ब टाकायला विमान शत्रूच्या मुलखात आत जाते. तेथे ते पडले, तर आतला माणूस जळून गेला, की हवाई छत्रीने खाली उतरला आणि पकडला गेला, हे सोबत्यांना नक्की कळत नाही. मग घरी एकच निरोप येतो : बेपत्ता.

विजय तांबे यांची हकीकत

विजय वसंत तांबे हे हवाई दलात फ्लाइट लेफ्टनंट होते. १९७१ च्या डिसेंबरात पाकिस्तानशी युद्ध झाले. ५ डिसेंबरला तांबे सुखोई विमान घेऊन पाकिस्तानातील शोरकोट रोड विमानतळावर हल्ला करायला गेले. ते परत आले नाहीत. त्याच दिवसांत एका पाकिस्तानी वर्तमानपत्रात बातमी आली, की पाच भारतीय वैमानिक जिवंत पकडले. त्यात तांबे यांच्या नावाशी जुळणारे नाव होते.

त्यांच्या पत्नी दमयंतीबाई बॅडमिंटनमध्ये देशात पहिल्या आलेल्या. १९७० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. लग्नाला पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. त्यांनी दुसरे लग्न केले नाही. दिल्लीत नोकरी केली आणि सरकारदरबारी खेटे घातले. १९८३ साली आणि २००७ साली बेपत्तांचे नातेवाईक पाकिस्तानात जाऊन तुरुंग पाहून आले. आपला माणूस कोणालाच सापडला नाही. आमच्याकडे असा कोणी कैदी नाही, असे पाकिस्तान सांगत आले आहे. अशा ५४ जणांची यादी आहे. तांबे त्यांतले एक.

कायदा काय म्हणतो?

१९४९ साली जिनिव्हा येथे देशोदेशींनी करार केला. पकडलेल्या सैनिकाचे नाव त्याच्या देशाला कळवावे, त्याला घरी पत्र लिहू द्यावे, आणि लढाई थांबली की सोडून द्यावे, असे त्यात आहे. भारत आणि पाकिस्तान या दोघांनाही तो मान्य आहे. १९७१ च्या युद्धात हाती आलेले सुमारे ९३,००० कैदी भारताने परत पाठवले.

आपल्या देशातही एक कायदा आहे. ज्यांना खबर लागायला हवी, अशा माणसांना सात वर्षे काहीच खबर लागली नाही, तर कोर्ट तो माणूस मेला असे धरू शकते. जमिनीच्या आणि पेन्शनीच्या कागदांसाठी ते उपयोगी पडते. पण कोर्टाने मानले म्हणून आईचे मन मानतेच असे नाही.

आपण काय करावे?

घरचा मुलगा फौजेत असेल, तर त्याचा नंबर, हुद्दा आणि पलटण वहीत लिहून ठेवा. त्याची पत्रे जपून ठेवा. काही अडचण आली तर सोलापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे. आता आपणांस लिहिता-वाचता येते. अर्ज स्वतः वाचून मगच सही करावी.

आणि एक गोष्ट. ज्या बाईचा नवरा बेपत्ता आहे, तिला 'कुंकू पूस' म्हणू नये आणि 'तो येईलच' अशी खोटी आशाही लावू नये. वाट पाहायची की नाही, हे तिचे तिने ठरवावे. आपण त्या माणसाचे नाव घ्यावे आणि पोरांना त्याची हकीकत सांगावी. देह सापडला नाही, तरी नाव हरवू देऊ नये.