संगणकावरील ऊस नोंद : चूक कोठे होते व ती कशी टाळावी



ऊस नोंदीपासून तोडणी, वजनकाटा व ऊसबिलापर्यंतची कामे आपल्या कारखान्यात आता एकाच संगणक प्रणालीत जोडली आहेत. "एवढा खर्च केला, मग नोंदी चुकतात कशा?" असे सभासद आम्हांस विचारतात. प्रश्न रास्त आहे.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या हर्शी या मोठ्या चॉकलेट कंपनीने सुमारे ११ कोटी २० लाख डॉलर खर्चून अशीच प्रणाली बसविली. चार वर्षांचे काम अडीच वर्षांत उरकून जुलै १९९९ मध्ये, हॅलोवीन सणाच्या मागणीच्या तोंडावर, ती चालू केली. माल गोदामात पडून राहिला आणि दुकानांत पोहोचेना! एक कारण असे की, गर्दीच्या दिवसांत माल ठेवायच्या काही जादा जागा कामगारांना तोंडपाठ होत्या, पण संगणकात कोणी घातल्याच नव्हत्या. त्या वर्षी जुलै-सप्टेंबरचा नफा १९ टक्क्यांनी घटला.

आपल्याकडेही तसेच आहे. पाऊस झाला की ओढ्यापलीकडे ट्रॅक्टर जात नाही, दोघा भावांचा गट नंबर एक पण ऊस वेगळा, हे फिल्डमनला ठाऊक असते. संगणक फक्त भरलेली लागणीची तारीख व जात पाहून तोडणीची पाळी लावतो. तारीख चुकली की पाळी चुकते. पाळी लांबली की उसाला तुरा येतो, वजन घटते, आणि नुकसान सभासदाचे होते.

खरे सांगायचे तर, आम्ही शेतकी विभागातलेही आधी कुरकुरलो. वहीच बरी, असे वाटे. म्हणून या हंगामात वही व संगणक दोन्ही चालू ठेवून दर आठवड्याला ताळा पाहणार आहोत. फिल्डमन नोंद बांधावर येऊनच करील, कचेरीत बसून नव्हे.

सभासदांनी एवढे करावे. नोंदीची पावती मिळताच गट नंबर, क्षेत्र, जात, लागणीची तारीख व बँक खाते तपासावे. चूक दिसल्यास गळीत सुरू होण्याआधी गट ऑफिसला कळवावे व दुरुस्त पावती मागून घ्यावी. वाटेची अडचण असेल तर तीही लिहून द्यावी. ओळखीने चिठ्ठी पुढे ओढण्याची सवय मात्र आपण सर्वांनीच, आमच्या माणसांसह, आता सोडली पाहिजे.

आपले नम्र,
ऊस विकास विभाग