पोटखराब्यावर उतरणारे पाहुणे

ज्या तुकड्यांत पीक निघत नाहीं, तो सात-बाराच्या उताऱ्यांत 'पोटखराबा' म्हणून दाखल होतो व त्यावर आकारही बसत नाहीं. कागदावर शून्य असलेली अशी जमीन दुसऱ्या कोणाच्या हिशोबीं फार मोलाची असूं शकते. याचें एक ठळक उदाहरण कॅनडा देशांतील टोरांटो शहरीं आहे. त्याची हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों.

टोरांटो हें आंटेरिओ नांवाच्या विस्तीर्ण सरोवराच्या उत्तर कांठीं वसलेलें आहे. सेंट लॉरेन्स नदीचा जलमार्ग १९५९ सालीं मोठ्या जहाजांस खुला झाला. त्यामुळें व्यापार वाढेल या भरंवशावर तेथील बंदर-मंडळानें त्याच सुमारास बाह्य बंदरासाठीं सरोवरांत बांध घालण्यास आरंभ केला. शहरांत पाडलेल्या इमारतींच्या विटा, काँक्रीट, खोदकामाची माती आणि बंदराच्या तळांतून उपसलेली वाळू पाण्यांत लोटून सुमारें ५ किलोमीटर लांबीचा दांडा तयार झाला. अपेक्षेइतकीं जहाजें मात्र आलीं नाहींत.

तेथें प्रथम कोणी बीं पेरलें नाहीं. पॉपलरचें कापसासारखें बीं वाऱ्यानें आणलें, वाळूंत गवत धरलें, विटांच्या फटींतून झुडुपें वर आलीं. पुढें या दांड्यावर हॉटेलें व नौकाविहाराचीं स्थळें काढण्याच्या योजना निघाल्या. तेव्हां १९७७ सालीं नागरिकांनीं 'फ्रेंड्स ऑफ द स्पिट' ही संस्था स्थापून, जागा आहे तशीच राहूं द्यावी असा आग्रह धरला. १९८५ सालीं तिला टॉमी टॉम्पसन या उद्यान-अधिकाऱ्याचें नांव देण्यांत आलें. 'कृपया गवतावर चालावें' अशा पाट्या लावणारा म्हणून हा गृहस्थ प्रसिद्ध होता.

आमच्या मतें खरी शिकण्यासारखी गोष्ट गाळाची आहे. डॉन नदीच्या मुखाशीं सांचणारा गाळ कारखान्यांच्या व शहराच्या घाणीनें दूषित झालेला. तो दांड्याच्या कुशींत बांध घालून केलेल्या कप्प्यांत टाकीत. कप्पा भरला म्हणजे त्यावर स्वच्छ मातीचा जाड थर देऊन, विष खालींच राहील अशी तजवीज करून, वर पाणथळ जागा तयार केली. निसर्गावर सर्व सोंपवून चालत नाहीं, तें असें.

आतां पाहुण्यांविषयीं. वसंत ऋतूंत उत्तरेकडे जाणारे वटवट्याच्या जातीचे व इतर लहान गाणारे पक्षी रात्रीं उडतात. सरोवराची रुंदी जास्तींत जास्त सुमारें ८५ किलोमीटर असून तें ओलांडल्यावर पहांटे प्रथम दिसणाऱ्या जमिनींत हा दांडा असतो. शरदांत दक्षिणेस परततांना पाणी ओलांडण्यापूर्वीं हीच शेवटची शिदोरी. काळ्या टोपीचा वार्बलर हा चिमणीच्या निम्म्या वजनाचा, सुमारें १२ ग्रॅमचा पक्षी. अटलांटिक महासागर एका दमांत ओलांडण्यापूर्वीं तो चरबी सांठवून वजन जवळजवळ दुप्पट करतो. लांबच्या वाटेवर बैलांस वैरणपाण्याचा मुक्काम लागतो, तोच हा प्रकार. मुक्काम चुकला तर पुढची मजल मारतां येत नाहीं. आपल्याकडे नांगरामागें चालणारा धोबी आणि ज्वारीवर तुटून पडणाऱ्या भोरड्याही असेच दूरचे प्रवासी. भोरड्यांविषयीं शेतकऱ्याचें मत ठाऊक आहे, पण त्या टोळही पुष्कळ खातात.

२००३ सालीं दांड्यावर पक्षी-संशोधन केंद्र सुरू झालें. तेथें बारीक जाळ्यांत पक्षी धरून, पायांत अंकांकित कडी घालून, वजन घेऊन सोडतात. शेजारींच काचेच्या उंच इमारतींचें शहर आहे; रात्रीच्या दिव्यांनीं भुलून व काचांवर आपटून तेथें पुष्कळ पक्षी मरतात. म्हणून या झुडुपांचें मोल अधिकच.

बरींच वर्षें कामाच्या दिवशीं भरावाच्या मोटारी आणि सुट्टीच्या दिवशीं माणसें, अशी दांड्याची वांटणी होती. कुत्रें मात्र कोणत्याही दिवशीं आंत नेतां येत नाहीं, मग धनी कितीही मोठा असो.