पटकीचे जंतू आणि आंतडें

आमच्या लहानपणीं पुसद येथें पूस नदी गढूळ झाली कीं आई पाणी उकळूनच देई; त्याचें मर्म आम्हांस मागाहून उमगलें. पटकीचा स्वल्पविरामासारखा वांकडा जंतु दूषित पाण्यावाटे पोटांत शिरतो. जठराच्या आम्लांतून वांचलेले जंतू शेपटीच्या बळानें लहान आंतड्यांतील श्लेष्मा भेदतात, अस्तरावर ठाण मांडतात व विष सोडतात. हें विष कलकत्त्याच्या डॉ. शंभुनाथ डे यांनीं १९५९ सालीं सिद्ध केलें. त्यानें देहांतील क्षार व पाणी आंतड्यांत पाझरून रोगी कांहीं तासांत सुकतो. तथापि साखरेच्या संगतीनें मीठ व पाणी शोषण्याची शक्ति शाबूत असते. म्हणून जुलाबांत पाणी तोडणें घातक होय. लिटरभर उकळून निवविलेल्या पाण्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ मिसळून घोटघोट पाजावें आणि डॉक्टरांस तत्काळ गांठावें.