टँकरचा पाऊस

पहाटे साडेचार. उठल्यावर आधी खिडकीबाहेर हात काढून बघतो. रात्रभर कोसळतोय, म्हणजे अर्धा तास लवकर निघायचं. शूटिंगच्या युनिटला लावलेली गाडी मी चालवतो. वायपरच्या रबरावरून ओला फडका फिरवला, काच आतूनबाहेरून पुसली. हे रबर मे महिन्यातच बदलून घ्यावं. उन्हाने ते कडक होतं आणि ऐन पावसात काचेवर नुसत्या रेघा ओढत बसतं.

पाच. भांडुपहून मेकअपवाल्या ताई आणि त्यांची दोन पोरं गाडीत बसली.

“दादा, लवकर पोचवा हं.”

“पोचवतो ताई. लवकरचं पवई गेल्यावर बघू.”

जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर पाणी साचलं की खाली खड्डा आहे की नुसतं डबकं, हे देवालाच ठाऊक. पुढची बस जिथून गेली, त्याच पट्ट्यावरून आपली चाकं न्यायची. तेही चांगलं अंतर राखून, कारण ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला तरी गाडी उशिरा थांबते. तेवढ्यात श्वासाने काच आतून धुरकटली. ताई म्हणाल्या, एसी बंद करा, थंडी वाजते. एसी बंद केला तर मी आंधळा! एसी चालू, हवेचा झोत काचेकडे आणि आतलीच हवा फिरवणारं बटण बंद. थोड्या वेळात काच स्वच्छ. ताईंनी ओढणी गुंडाळून घेतली. वायपर बिघडला की जुने ट्रकवाले काचेला बाहेरून तंबाखू चोळायचे. घाटात ती पुडी दोन्ही कामांना यायची.

सात. गोरेगावची फिल्मसिटी. इथे बिबट्याही फिरतो, त्यामुळे अंधारात गाडीतून उतरताना आधी दिवा लावून बघतो. आजचा सीन पावसातल्या गाडीचा. बाहेर धो धो पाऊस, आणि कॅमेऱ्यावर प्लास्टिक टाकून अख्खं युनिट पाऊस थांबायची वाट बघतंय, पाऊस पाडायला! खरा पाऊस कॅमेऱ्याला नीट दिसत नाही. मागून जोरदार लाइट मारला तर थेंब चमकतात. शिवाय खरा पाऊस ‘कट’ म्हटल्यावर थांबत नाही.

दहा. उघडीप मिळाली. टँकर लागला, भोकं पाडलेल्या पाइपातून धारा सुरू झाल्या. गाडी जागेवर, इंजिन बंद. बंपरखाली फळी घालून दोन पोरं ती हलवतायत, तिसरा काचेवरून दिवा फिरवतोय. डायरेक्टरने वायपर बंद करवला. पातं चेहऱ्यावरून जातं म्हणे. हीरो पूर्ण डायलॉग हिरॉइनच्या डोळ्यांत बघून बोलला. रस्त्याकडे एकदाही नजर नाही. खऱ्या रस्त्यावर असता तर पहिल्याच वाक्याला दुभाजकावर चढला असता.

एक. जेवण. म्हातारे लाइटमन काका १९५८च्या ‘चलती का नाम गाडी’वर आले. भर पावसात गाडी बंद पडते, भिजलेली मधुबाला गॅरेजात येते. काका गाण्यात रमले, माझं डोकं गाडीत. त्या काळच्या गाड्या पावसात बंद पडायच्याच: डिस्ट्रिब्युटरच्या टोपणात ओल शिरली की स्पार्क मेला. टोपण काढून कोरड्या फडक्याने पुसलं की गाडी चालू. किशोरकुमार मेकॅनिक होता म्हणून नशीब.

साडेचार. एका साहेबांना अंधेरी पश्चिमेला सोडायचं होतं. सबवेत पाणी भरलेलं. साहेब म्हणाले, “निघेल की, गाडी उंच आहे.” मी गाडी वळवली आणि उड्डाणपुलावरून घेतली. उंची गाडीच्या छपराची बघून उपयोग नाही, इंजिन हवा कुठून ओढतं ते बघायचं. तिथून पाणी आत गेलं तर सिलिंडरमध्ये ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट मारणं म्हणजे इंजिनला अग्नी देणं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. दारं आणि काचा न उघडल्याने काही माणसं गाडीतच गेली. म्हणून दाराच्या खणात मी छोटी हातोडी ठेवतो. पुढची काच थरांची असते, फुटत नाही. बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर मारायचं.

रात्री नऊ. पॅकअप. द्रुतगती मार्गावर पुन्हा सर आली आणि पुढच्या निम्म्या गाड्यांनी चारही इंडिकेटर लुकलुकवायला सुरुवात केली. कोण वळतोय, कोण थांबलाय, काही कळेना. तेव्हा एक विनंती: पावसात हेडलाइट लावा, तेही खालच्या झोताचे. चार इंडिकेटर गाडी बंद पडून उभी असेल तेव्हासाठी आहेत, चालत्या गाडीत ते लावू नका.