खेळाडूंना पैसे फार मिळतात काय?

नोव्हेंबर २०२४ मध्ये सौदी अरबस्तानातील जेद्दा शहरी आयपीएलच्या क्रिकेट खेळाडूंचा लिलाव झाला आणि ऋषभ पंत या खेळाडूस लखनौच्या संघाने २७ कोटी रुपयांना घेतले. त्यापूर्वी त्या लिलावात एवढी बोली कोणावरही लागली नव्हती. त्याच सुमारास आमच्या केज तालुक्यातून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघाल्या होत्या. बसस्थानकासमोरच्या हॉटेलात चहा घेताना एका मुकादमाने वर्तमानपत्र खाली ठेवले आणि आम्हांस विचारले, "अण्णा, तुम्ही मजुरीसाठी भांडत असता. आता सांगा, चेंडू मारायचे सत्तावीस कोटी आन् ऊस तोडायचे टनाला तीनशे सहासष्ट, ह्यो कुठला न्याव?"

तेव्हा आम्ही हसून वेळ मारून नेली. परंतु प्रश्न मनातून जाईना. पुढे कागद घेऊन बसलो आणि जो हिशेब निघाला तो आज येथे मांडीत आहो.

मुकादमाचा हिशेब आधी पुरा करू. जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या कराराने तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला व टनाला ३६६ रुपये झाला. नवराबायको मिळून एक कोयता. त्या कोयत्याने पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत राबून दोन टन ऊस तोडून, मोळ्या बांधून गाडीत भरला असे धरा. दिवसाचे ७३२ रुपये झाले. दीडशे दिवसांचा हंगाम एकही खाडा न करता गेला, तरी २७ कोटी मिळवण्यास त्या जोडप्यास सुमारे २,४५० हंगाम लागतील. म्हणजे सम्राट अशोकाच्याही आधी तोडीला बसले असते, तर आत्ता कोठे हिशेब मिटता. त्यात उचल फिटायची ती निराळीच.

हा आकडा सभेत सांगितला की टाळी पडते, हे आम्हांस ठाऊक आहे. आम्हीही एकदोनदा ती घेतली आहे. पण विचार करता असे दिसले की या हिशेबाने कोयत्याच्या पदरात एक छदामही पडत नाही. ते सत्तावीस कोटी कोयत्याच्या ताटातून गेलेले नाहीत. मग ते कोठून आले, हे आधी पाहिले पाहिजे.

आयपीएलचे सामने दाखविण्याचा हक्क क्रिकेट मंडळाने जून २०२२ मध्ये विकला. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांसाठी किंमत आली ४८,३९० कोटी रुपये. सामने धरले होते ४१०. भागाकार केला म्हणजे एका सामन्याचे ११८ कोटी होतात. एका सामन्यात दोन्ही डाव मिळून चेंडू पडतात फार तर २४०, वाइड आणि नो-बॉल सोडून. तेव्हा एकेक चेंडू सुमारे ४९ लाखांचा झाला. गोलंदाज धाव घेऊन येतो आणि फलंदाज चेंडू नुसता सोडून देतो, तेव्हाही ४९ लाख झालेच.

आता पंतांचे २७ कोटी साखळीच्या १४ सामन्यांवर वाटा. सामन्यास एक कोटी ९३ लाख पडतात. ११८ कोटींच्या सामन्यात सर्वांत महाग गड्याचा वाटा शेकडा दोनसुद्धा नाही. त्या हंगामात त्यांनी २६९ धावा केल्या, म्हणजे धावेला दहा लाख, अशी त्यांची पुष्कळ थट्टा झाली. चेंडूचे ४९ लाख कोणाकडे जातात, हे त्या थट्टेत कोणी विचारले नाही.

एकट्याचे सोडा, सगळ्यांचे पाहू. २०२५ च्या हंगामासाठी दर संघास खेळाडूंवर खर्चायला १२० कोटींची मर्यादा होती; संघ दहा. १,२०० कोटी झाले. त्याशिवाय सामन्यागणिक साडेसात लाखांचे मानधन सुरू झाले, त्यासाठी संघास १२ कोटी ६० लाख ठेवले होते. एकूण १,३२६ कोटी. प्रक्षेपणाचे उत्पन्न वर्षाला सरासरी ९,६७८ कोटी. तिकिटे, पुरस्कर्ते, सदऱ्यावरच्या जाहिराती हे सारे सोडून दिले तरी शंभर रुपयांत खेळाडूंचे चौदा रुपयेसुद्धा होत नाहीत. बाकीचे मंडळाकडे, संघाच्या मालकांकडे आणि व्यवस्थेच्या खर्चात जातात. ज्यांचा खेळ पाहण्यासाठी लोक दिवा लावून बसतात, त्यांचा हा वाटा.

कोणी म्हणेल, खेळाडूंचे पैसे निम्मे करा, जनतेचा भार हलका होईल. तसे होत नाही. हा पैसा जाहिरातीतून येतो. म्हणजे साबण, थंड पेये, मोबाईलचे रिचार्ज यांच्या किमतीतून तो तुम्ही आम्हीच भरतो. पण खेळाडूचे दहा कोटी कापले म्हणून साबणाची वडी चार आण्यांनी स्वस्त होणार नाही. ते दहा कोटी वरच्या मजल्यावर राहतील इतकेच. एस.टी. च्या चालकवाहकांनी २०२१-२२ च्या हिवाळ्यात संप केला, तेव्हाही लोक म्हणत, ‘आमच्या मोलकऱ्यापेक्षा यांना बरे मिळते की!’ दोन मजुरांची तुलना चालू असली की तिसऱ्याचे नाव निघत नाही, हा आमचा या धंद्यातला जुना अनुभव आहे.

श्रमावर मोल ठरते, असे आम्ही तरुणपणी सभांतून सांगत असू. खेळाच्या बाबतीत तरी ते खरे नाही. आपल्याच जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या मांडवा गावचे अविनाश साबळे पाहा. तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक त्यांनी मिळवले. त्यांचा घाम कोणाहून कमी गळाला? पण त्या शर्यतीचे प्रक्षेपण कोणी हजारो कोटींना घेत नाही. त्यांना आधार झाला तो लष्कराच्या नोकरीचा. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीस कांस्यपदक जिंकून आले, ते लोकांकडून गोळा केलेल्या पैशावर गेले होते. १९८३ साली क्रिकेटचा विश्वचषक जिंकून आणलेल्या संघास देण्यास मंडळाच्या तिजोरीत पैसे नव्हते. लता मंगेशकरांनी दिल्लीत गाण्याचा कार्यक्रम केला, तेव्हा प्रत्येकास एक लाख मिळाला. खेळ तोच, घामही तोच. मध्ये दूरचित्रवाणी आली. कबड्डीचेही तसेच झाले. प्रो कबड्डी २०१४ साली सुरू झाली आणि पाच वर्षांनी चंदगड तालुक्यातल्या सिद्धार्थ देसाईवर १ कोटी ४५ लाखांची बोली लागली. त्याआधीच्या पिढीचे कबड्डीपटू बँकेत किंवा रेल्वेत नोकरी लागली म्हणजे देवाला नारळ फोडीत.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. बीडच्या सचिन धसने २०२४ साली १९ वर्षांखालच्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ९६ धावा काढल्या, तेव्हापासून आमच्याकडेही पोरांच्या खांद्यावर क्रिकेटच्या पिशव्या दिसू लागल्या. चांगली गोष्ट आहे. पण जेद्दाच्या लिलावास १,५७४ जणांनी नावे दिली होती आणि विकले गेले १८२. दहा संघांत प्रत्येकी जास्तीत जास्त २५ गडी, त्यांत आठ परदेशी चालतात; म्हणजे साऱ्या हिंदुस्थानातून जागा १७० च्या आसपास. आणि तळाची किंमत २७ कोटी नसून ३० लाख आहे. शेत गहाण टाकून पोरास अकादमीत घालणाऱ्या बापाने हा आकडाही पाहावा.

लिलाव हा शब्द आम्हांस पहिल्यापासून खटकतो. बैलबाजारात बैलाला विचारीत नाहीत, येथेही खेळाडूने कोणत्या संघात जायचे ते बोली ठरवते. विकला गेल्यावर सबळ कारणाशिवाय माघार घेतली तर दोन हंगाम बंदी, असा नियम झाला. इंग्लंडच्या हॅरी ब्रूकला दिल्लीने सव्वासहा कोटींना घेतले होते. तो आला नाही, म्हणून मार्च २०२५ मध्ये त्याच्यावर ती बंदी आली. छोट्या लिलावात परदेशी खेळाडूवर बोली कितीही चढो, त्याच्या हाती १८ कोटींपेक्षा अधिक पडत नाही; वरचे मंडळाकडे जातात, खेळाडूंच्या कल्याणासाठी म्हणून. उचल घेतलेला कोयता मुकादम बदलू शकत नाही, हे आपण जाणतो. ब्रूकची आणि कोयत्याची बरोबरी करण्याचा आमचा हेतू नाही. ब्रूक घरी जाऊन सुखाने जेवतो. दोघांनाही करारात बोलायला जागा नाही, एवढेच दाखवायचे आहे.

बोलायला जागा मिळवली म्हणजे काय होते, ते अमेरिकेत पाहायला मिळते. तिकडे फुटबॉल म्हणतात तो आपला फुटबॉल नव्हे. त्यात पायाचे काम थोडे. डोक्यावर टोप, खांद्यावर गाद्या बांधून अकरा जण अकरांवर तुटून पडतात आणि चार प्रयत्नांत चेंडू दहा यार्ड पुढे न्यायचा असतो. कबड्डीतली मुसंडी ज्याने पाहिली त्याला हा खेळ परका वाटणार नाही. त्यातल्या डॅक प्रेस्कॉट नावाच्या खेळाडूचा सप्टेंबर २०२४ मध्ये करार झाला, वर्षाला सहा कोटी डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने सुमारे ५०० कोटी रुपये. पंतांच्या अठरापट. तिथेही लोक ओरडतात की हे फार झाले.

पण तिथे एकूण उत्पन्नातला किमान ४८ टक्के वाटा खेळाडूंचा, असे करारात लिहिलेले आहे. आपले चौदा आणि त्यांचे अठ्ठेचाळीस, हा फरक सहजासहजी पडलेला नाही. त्यांची संघटना १९५६ साली निघाली. १९८२ साली, मुंबईत गिरण्यांचा संप चालू असतानाच, तिकडे फुटबॉलपटूंनी ५७ दिवस संप केला. मागणी होती उत्पन्नातल्या ५५ टक्क्यांची. ती मिळाली नाही. १९८७ साली पुन्हा संप केला, तेव्हा मालकांनी दुसरीच माणसे मैदानात उतरवून तीन आठवडे सामने खेळवले, कित्येक नामांकित खेळाडू संप फोडून आत गेले आणि संप मोडला. संप मोडल्यानंतरची सकाळ कशी असते, हे ज्याने पाहिले त्यालाच कळेल.

त्यानंतर त्यांनी जे केले ते आम्हांस मोठे नवल वाटते. कामगारांची संघटना म्हणून चालू राहिले तर मक्तेदारीविरुद्धच्या कायद्याखाली मालकांवर दावा लावता येत नव्हता. म्हणून १९८९ साली त्यांनी आपण होऊन वाटाघाटीचा अधिकार सोडला आणि खेळाडू कोर्टात गेले. १९९२ साली पंचांनी खेळाडूंच्या बाजूने निकाल दिला. १९९३ च्या करारात मुदत संपलेल्या खेळाडूस आपल्या मर्जीने संघ निवडण्याचा हक्क मिळाला, आणि त्याबरोबर संघाच्या एकूण पगारावर मर्यादा मान्य करावी लागली, ती १९९४ पासून लागू झाली. देवघेव झाली. अलीकडचा करार मार्च २०२० चा. त्यावर खेळाडूंनी मते दिली, बाजूने १,०१९ आणि विरुद्ध ९५९. साठ मतांनी मंजूर! एवढा वाद घालून झालेला करार टिकतो, असे आमचे मत आहे.

त्यांचेही सारे गोड नाही. पुष्कळांच्या कराराची पुरी हमी नसते. जायबंदी झाला की उरलेले पैसे गेले. संघटनेच्या हिशेबाने खेळाडूची कारकीर्द सरासरी सव्वातीन वर्षांची. माइक वेब्स्टर नावाचा नामांकित गडी २००२ साली पन्नाशीत वारला, तेव्हा नायजेरियातून आलेल्या बेनेट ओमालू या डॉक्टरांनी त्याचा मेंदू तपासला आणि डोक्याला वारंवार बसलेल्या धक्क्यांनी झालेला रोग दाखवून दिला. पुढे निवृत्त खेळाडूंनी दावा केला, त्यात १०० कोटी डॉलरहून अधिक भरपाई द्यावी लागली. पगार मोठा दिसतो, त्यात शरीराची झीज आगाऊ मोजलेली असते. कमरेचे मणके आणि गुडघे गेलेली माणसे आमच्या तालुक्यात गावोगाव आहेत. त्यांची झीज कोणत्याही दरात धरलेली नाही.

आपल्या क्रिकेटपटूंची संघटना नाही काय? न्यायमूर्ती लोढा समितीने २०१६ साली तशी शिफारस केली आणि २०१९ साली एक निघाली. पण तिचे सभासद निवृत्त खेळाडूच. जे खेळत आहेत, त्यांच्या वतीने मंडळाशी बोलणारे कोणी नाही. कोट्यवधी मिळवणाऱ्यांना संघटना कशाला, असे लोक म्हणतात. ती तीस लाखवाल्यांना हवी, आणि लिलावात नाव न निघालेल्या चौदाशेंना तर अधिकच.

हे सारे आम्ही परवा त्याच हॉटेलात त्याच मुकादमापुढे मांडले. ग्रीन बे नावाच्या अमेरिकेतील लहानशा शहराच्या फुटबॉल संघाची गोष्टही सांगितली. तो कोणा शेठजीचा नाही, पाच लाखांहून अधिक भागधारकांचा आहे; भागांवर लाभांश नाही. तो संघ दरवर्षी हिशेब जाहीर करतो, म्हणून साऱ्या संघांना सामाईक उत्पन्नातून काय मिळते ते जगाला कळते. २०२४ च्या उन्हाळ्यात कळले, ४० कोटी डॉलर. वाटा मागायला आधी हिशेब लागतो, तो त्यांच्या हातात आयता पडतो.

मुकादम ऐकत होता. मग त्याने पेन मागितले आणि वर्तमानपत्राच्या कडेला आकडे लिहू लागला. टनाला दहा टक्के उतारा धरला तर साखर शंभर किलो. २०१९ साली ठरलेल्या ३१ रुपयांच्या किमान दराने ३,१०० रुपये. त्यात तोडणीचे ३६६. "म्हंजी शंभरात बारा," तो म्हणाला. आम्ही सांगितले की हा हिशेब कच्चा आहे. शेतकऱ्याच्या उसाचे पैसे यातूनच जायचे आहेत, आणि उलट बाजूस मळी, बगॅस, वीज यांचे उत्पन्न धरलेले नाही. तो म्हणाला, "मग पक्का कुठं मिळंल?" कारखान्याचा वार्षिक अहवाल असतो, पण तो सभासदास मिळतो, तोडणारा सभासद नसतो. त्यावर तो थोडा वेळ गप्प बसला. त्याच्या चुलत्याच्या नावावर एक शेअर आहे. अहवाल गाठोड्यात कोठेतरी असेल, सोमवारच्या आत शोधून आणतो, असे सांगून तो गेला.